अक्षरी रुपये सहाशे मात्र

वर्गणी मागायला मला लाज वाटते. देणगी मागायला वाटत नाही. देणगी मागताना पाठीशी शाल, श्रीफळ, संगमरवरी पाटी असं काहीतरी असतं. पण महिना पन्नासप्रमाणे वर्षाचे सहाशे रुपये, आणि तेही ज्याच्याकडे परवाच मुंजीचं जेवण जेवलो त्याच्याकडे मागायचे म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आल्यापासून थकबाकीदारांची यादी हातात पडली की माझा घसा हमखास बसायचा. ‘सभासदांची वर्गणी ऑनलाइन घ्यावी’ हा ठराव मी मांडला, त्यामागे आधुनिकतेची ओढ होती असं इतिवृत्तात लिहिलं आहे. इतिवृत्त मीच लिहितो.

संकेतस्थळ होतंच. त्यावर संस्थापकांचा फोटो, ग्रंथसंख्या आणि ‘सभासद व्हा’ असं एक बटण होतं. बटण दाबलं की वाचनालयाच्या वेळा दिसत. त्या बटणाला पेमेंट गेटवे जोडायचा, एवढंच काम. ते करायला पुण्याच्या एका संगणक कंपनीतला माझा भाचा होता, फुकट. कार्यकारिणीत मात्र मी त्याचा उल्लेख ‘आपली टेक्निकल टीम’ असा करत असे. तो रात्री फोनवर जे शब्द वापरायचा, ते मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फिरायला जाताना वापरायचो. ‘एपीआय’ मला पहिल्याच दिवशी जमलं. ‘वेबहुक’ तर फारच आवडलं. सभासदाचे पैसे कापले गेले आणि पावती यायच्या आत त्याने मोबाइल बंद केला, तर वाचनालयाला कळणार कसं? म्हणून गेटवे आपल्या सर्व्हरला परस्पर निरोप पाठवतो. नवरदेव मांडवातून पळाला तरी भटजींनी जाऊन लग्न नोंदवून यावं, तशी ही सोय. हे मी निवृत्त तहसीलदारांना समजावू लागलो तेव्हा ते माझ्या डावीकडून चालत होते, ते उजवीकडून चालू लागले. मला वाटलं, नीट ऐकू यावं म्हणून. पुढे कळलं, त्यांचा डावा कान गेलेला आहे.

गेटवेवाल्यांनी आधी विचारलं, तुम्ही कोण? आम्हाला हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा. आमचं वाचनालय त्याच्या कितीतरी आधीचं. तालुका ‘ब’ वर्ग, अनुदानपात्र, न्यास म्हणून नोंदलेलं. पण फॉर्ममधल्या व्यवसायांच्या यादीत कपडे, किराणा, शिकवण्या, प्रवास, मोबाइलवरचे खेळ एवढं सगळं होतं, वाचनालय नव्हतं. शेवटी ‘इतर’ निवडलं. त्याखाली विचारलं होतं, दरमहा अपेक्षित उलाढाल. ‘उलाढाल’ ऐकून खजिनदार खुर्चीत सावरून बसले आणि त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं.

मग कागदपत्रं. नोंदणीचा दाखला, संस्थेचं पॅन, घटना, ठराव, रद्द केलेला धनादेश. पॅनवर आमचं वाचनालय ‘व्ही’ने सुरू होतं आणि बँकेच्या पासबुकात ‘डब्ल्यू’ने. दाखला मराठीत, त्यामुळे तो कोणाच्याच बाजूने साक्ष देईना. गेटवेच्या मते या तीन निरनिराळ्या संस्था होत्या. विश्वस्तांच्या अधिकृत यादीत तर काही दिवंगत मंडळी अजून कार्यरत आहेत, कारण बदल अर्ज प्रलंबित आहे. ‘सर्व विश्वस्तांचं आधार जोडा’ हे वाचून अध्यक्ष भिंतीवरच्या हार घातलेल्या तसबिरींकडे बघत राहिले. गेटवेवाल्यांचंही चुकत नव्हतं म्हणा. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२० मध्ये पेमेंट अ‍ॅग्रिगेटरांना नियम घालून दिले, त्यात ज्याच्यासाठी पैसे गोळा करायचे त्याची पार्श्वभूमी तपासणं आलंच. पण सभासदांपुढे हात पसरायला नको म्हणून मी हा खटाटोप मांडला, आणि त्यासाठी एका अदृश्य माणसापुढे रोज हात जोडून उभा राहू लागलो, हे काही माझ्या हिशेबात बसत नव्हतं.

संकेतस्थळावर धोरणंही हवी होती. गोपनीयतेचं, परताव्याचं आणि माल पोहोचवण्याचं. चिटणीसांनी ती एकटाकी लिहिली. परतावा: ‘संस्थेच्या इतिहासात कोणीही वर्गणी परत मागितलेली नाही, कारण कोणी ती वेळेवर भरलेली नाही.’ माल पोहोचवणे: ‘आधीच्या सभासदाने पुस्तक परत केल्यावर.’ भाच्याने दोन्ही बदलली. मला अजून मूळचीच बरी वाटतात.

हे चालू असताना भाच्याने ‘टेस्ट मोड’ सुरू करून दिला. यात पैसे खोटे, बाकी सगळं खरं. त्यासाठी एक कार्डक्रमांक असतो: चार, आणि पुढे पंधरा वेळा एक. मुदत भविष्यातली कुठलीही, गुप्त अंक मनाला येतील ते. या कार्डावर मी आधी सर्वसाधारण सभासद झालो. हिरवी खूण आली, ‘धन्यवाद’ आलं. मग आजीव सभासद झालो. मग ‘आश्रयदाते’ या वर्गात एक लाख रुपये भरले. घरात कोणी जागं नव्हतं. इमारत निधीला पाच लाख दिले. बालविभाग मला नेहमीच दुर्लक्षित वाटत आला आहे, त्यालाही दिले. डॅशबोर्डवर देणगीदारांची यादी येत होती आणि तीत वरपासून खालपर्यंत एकच नाव होतं. माणसाला आपलं दातृत्व असं एका नजरेत क्वचितच दिसतं. त्या पडद्याचा फोटो काढून मी सकाळी बायकोला दाखवला. ती म्हणाली, “सिलिंडरवाला आलाय. त्याचे याच कार्डावरून द्या.”

त्याच डॅशबोर्डवर खजिनदारांनी वर्गणीची रक्कम पाहिली आणि मला फोन केला. कोडमध्ये ६०००० असा आकडा होता. वर्षाला साठ हजार! भाचा म्हणाला, “मामा, गेटवेला रक्कम पैशांत सांगायची असते. सहाशे रुपये म्हणजे साठ हजार पैसे. अपूर्णांकात यंत्राचा हिशेब सटकतो, म्हणून पूर्णांकच द्यायचा.”

इथे मला पावतीपुस्तकाबद्दल बोललंच पाहिजे. गेटवे थोडा थांबेल. आम्हाला त्याने पुष्कळ थांबवलं आहे.

आमचं पावतीपुस्तक आडवं, पिवळट कागदाचं, वर संस्थेचं नाव कमानीत. प्रत्येक क्रमांक दोनदा, एक सभासदाला द्यायचा आणि एक स्थळप्रतीचा. मध्ये कार्बन. हा कार्बन वाचनालयात जितका वापरतात तितका जगात कुठेही वापरत नसतील. त्यातून पलीकडचा माणूस दिसू लागला की मगच नवा मिळतो. घाईत तो उलटा लागला की स्थळप्रत कोरी राहते आणि सभासदाच्या पावतीमागे त्याचं नाव आरशातल्यासारखं उमटतं. मग दोन्हींवर तिरक्या रेघा मारून ‘रद्द’ लिहायचं, पण फाडायचं नाही. हिशेबतपासनीस बाकी काही बघोत न बघोत, रद्द पावत्या मोजतात. ‘धन्यवादपूर्वक मिळाले’ छापील असतं, म्हणून थकबाकीदार कितीही छळवादी असला तरी आभार मानायचे राहत नाहीत. मग ‘अक्षरी रुपये’. इथे ‘सहाशे’ लिहून पुढे ‘मात्र’ लिहायचं, म्हणजे मागाहून कोणी ‘सहाशे नव्याण्णव’ करू नये. आमच्या वाचनालयात असा गुन्हा कधी घडलेला नाही, पण पाऊणशे वर्षं आम्ही सावध आहोत.

आणि उजवीकडे दोन रकाने. रु. आणि पै. यातल्या दुसऱ्याचा इतिहास एखाद्याने लिहायला हवा. कपाटातल्या सर्वांत जुन्या स्थळप्रतींवर तिथे आणे आहेत. सोळा आण्यांचा रुपया, त्यात पैसे चौसष्ट आणि पै एकशे ब्याण्णव. अशा हिशेबात तेव्हाचे खजिनदार वर्गणी गोळा करत आणि तरी झोपत. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. १९६४ मध्ये त्यांच्यातलं ‘नवे’ गळालं. ३० जून २०११ नंतर तर चार आणे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून गेली. छापखान्याने रकाना मात्र ठेवला. आमचे वसुलीचे अण्णा त्यात दोन शून्यं न लिहिता एक आडवी रेघ ओढतात आणि शेवटी तिला वर झोका देतात. कितीतरी वर्षं त्या रकान्यात त्या रेघेशिवाय काही पडलेलं नाही. बाजारात पैसा उरला नाही, भिकारीही तो घेत नाही, आणि अखेर तो सापडला कुठे, तर गेटवेच्या पोटात.

तो रकाना भरलाही. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्ड यांवरचं व्यापाऱ्याकडून घ्यायचं शुल्क जानेवारी २०२० पासून शून्य आहे, पण क्रेडिट कार्डावर गेटवेने दोन टक्के सांगितले आणि त्या दोन टक्क्यांवर अठरा टक्के जीएसटी. सहाशेवर बारा रुपये, वर दोन रुपये सोळा पैसे. म्हणजे बँकेत जमा ५८५ रुपये ८४ पैसे. पावती सहाशेची द्यायची की पाचशे पंच्याऐंशीची, यावर सभा उशिरापर्यंत चालली. त्या रात्री चहाचा खर्च चौदा रुपये सोळा पैशांहून पुष्कळ जास्त झाला, तो किरकोळ खर्चात घातला.

आणि मग एकदाचं सुरू झालं. संकेतस्थळाच्या तळाशी ‘संकल्पना’ आणि पुढे माझं नाव आलं. अक्षरं जरा मोठी करता येतील का, असं मी भाच्याला अगदी सहज विचारलं. पहिल्या आठवड्यात नोकरीनिमित्त बाहेरगावी गेलेल्या मंडळींनी जुनी बाकीसुद्धा भरली. माझा घसा सुधारला. अण्णांची घरोघरची फेरी बंद करावी, असंही मी सुचवलं. त्यांचं वय झालं होतं, सायकलचंही.

पेठेतल्या एका आजींची वर्गणी तेवढी येईना. आठवड्याला दोन रहस्यकथा हा त्यांचा रतीब. ग्रंथपालांनी सांगितलं, संगणक त्यांना पुस्तक देऊ देत नाही, सभासदत्व संपलंय म्हणतो. मी स्वतः गेलो. म्हटलं, दाखवतो कसं भरायचं. आजींकडे कार्ड होतं, पेन्शनच्या खात्याचं, बटव्यात घडी घातलेल्या रुमालात. क्रमांक भरला, मुदत भरली. मग ओटीपी. रिझर्व्ह बँकेने ऑनलाइन कार्डव्यवहारांना हा दुसरा पहारा २००९ पासून बसवला आहे, आणि तो हवाच. पण आजींच्या खात्याला मोबाइल क्रमांक मुलाचा. मुलगा हैदराबादला, मीटिंगमध्ये. दुसऱ्यांदा लावल्यावर त्याने उचलला. “आई, कोणी बसलंय का समोर? तुला पैसे भरायला सांगतायत? ओटीपी कोणालाही सांगायचा नसतो.” आणि त्याने तो आईलाही सांगितला नाही.

माझं हसू ओठावर यायला आणि आजींनी फोन खाली ठेवायला एकच गाठ पडली. त्या म्हणाल्या, “इतकी वर्षं अण्णा यायचे, मी डाळीच्या डब्यातून पैसे काढून द्यायची. ह्यांनासुद्धा कधी विचारलं नाही. आता पुस्तक वाचायला हैदराबादचा होकार लागणार का हो?”

मला उत्तर सुचलं नाही. स्वतःच्या पैशाने, कोणाला न सांगता, दुपारी आडवं पडून खुनाचा तपास लावत बसायचं, एवढीच त्या घरात त्यांची स्वतःची म्हणावी अशी गोष्ट असेल. ती आम्ही काढून घेतली आणि वर ‘सोय’ म्हणून तिची जाहिरात केली. मुलगा वाईट नव्हे, बँक वाईट नव्हे, भाच्याचं कोडही उत्तम. सगळेच बरोबर होते आणि आजी पुस्तकाविना बसल्या होत्या. मला त्या क्षणी आपल्या नावाच्या त्या तळटीपेचा खरोखर राग आला. मोठी अक्षरं करायची राहू दे, असं भाच्याला कळवायचं ठरवलं. तोवर त्याने ती केली होती.

अण्णांना हे बाहेरून कळलं. मला काही न विचारता त्यांनी फेरी पुन्हा सुरू केली. आता ते घरोघरी जाऊन रोख पैसे घेतात, पायरीवर बसतात, सभासदाचा क्रमांक टाकतात आणि स्वतःच्या मोबाइलवरून यूपीआयने वर्गणी भरतात. शुल्क शून्य, खजिनदार खूश. वर पावतीपुस्तकातली पावतीही फाडतात, कारण मोबाइलवरची पावती आजींना दिसत नाही. पै. च्या रकान्यात रेघ ओढतात. कोणाच्या घरी कोण आजारी आहे, कोणाचं थोरल्याशी पटत नाही, कोणाला पुस्तक घरपोच हवं, हे येऊन सांगतात. तसा रकाना डॅशबोर्डवर नाही.

सगळं सुरळीत होतं. मग गेटवेच्या जोखीम विभागाचं इंग्रजी पत्र आलं. अनेक ग्राहकांची देयकं एकाच यूपीआय खात्यातून येत असल्याचं आढळलं आहे. या व्यक्तीचं तुमच्याशी आणि ग्राहकांशी नातं काय, ते पुराव्यासह स्पष्ट करावं. तोवर रक्कम रोखून ठेवण्यात येत आहे.

तातडीची सभा बोलावली. नातं काय लिहायचं यावर एकमत होईना. नोकर म्हणावं तर मानधन इतकं कमी की लिहायला लाज. एजंट म्हटलं तर गेटवे आणखी घाबरेल. चिटणीसांनी लिहिलं, ‘सदर इसम आमचे आहेत.’ मी त्याचं इंग्रजी करत बसलो. दाराशी अण्णा उभे होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि खजिनदारांना विचारलं, “म्हणजे आपले पैसे त्यांच्याकडे थकलेत, असंच ना?”

“तसंच म्हणायचं.”

“मग पत्ता द्या. मी जाऊन बसतो.”