दंड एक रुपया

१९१७ साली राजर्षी शाहूंनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड. पुढं २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं पालकांनाच कारभारी केलं: शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला. कागदावर झकास! पण कित्येक गावांत सभा भरते ती रजिस्टरातच. इतिवृत्त आधीच तयार, ‘सर्वानुमते मंजूर’सकट. रोपलावणीला गेलेल्या वहिनींच्या सहीसाठी रजिस्टरच बांधावर जातं. गळक्या छताचा विषय मात्र पुढच्या सभेवर. महाराजांचा तो रुपया आता सभेला दांडी मारणाऱ्यांना लावा. तेवढ्या पैशात छत सहज दुरुस्त होईल.