होम वेगळं पाहिजे!

बीडच्या सुभाष रोडवर चहा घेताना शेजारी कुणी लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर आडवा पट्टा काढून त्याचे तुकडे पाडताना दिसला, तर ‘कोणत्या गटाची वाटणी हो?’ असं विचारू नये. वाटणी शेताची नसते, 256 जीबीच्या डिस्कची असते, आणि विचारणाऱ्याची दुपार जाते.

हे लिनक्सवाले सर. शिकवत कुठेच नाहीत, तरी सगळे सरच म्हणतात. त्यांना लॅपटॉप पुसून नव्यानं लिनक्स टाकायचंय. उबंटू या लिनक्सची पाच वर्षं अपडेट मिळणारी आवृत्ती दर सम वर्षी एप्रिलमध्ये येते. सर म्हणतात, ‘पहिली दुरुस्ती येऊ द्या.’ 24.04 या आवृत्तीची ती दुरुस्ती 2024 च्या ऑगस्टमध्ये आली, तोवर पत्रिकेवरचा आराखडाच बदलला होता.

बूटसाठी 512 एमबी. स्वॅप रॅमएवढं, कारण लाइट जाते आणि लॅपटॉप हायबरनेट व्हायला हवा. मग रूट, म्हणजे खुद्द सिस्टिमची जागा. इथे सर अडतात. उबंटू किमान 25 जीबी मागतं. सर चाळीस लिहितात, खोडतात, साठ लिहितात. एका बाबतीत मात्र खाडाखोड नाही: ‘होम वेगळं पाहिजे!’

हे वाक्य सर कुठंही बोलतात. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी शेजारी बसलेल्या नवरदेवाला कानमंत्र दिला, ‘बाकी काही करा, होम वेगळं ठेवा.’ नवरदेवाच्या आईनं तेवढंच ऐकलं. जिलबीचं ताट सरांच्या पानापुढून सरळ निघून गेलं. सर स्वतः तीन भावांच्या एकत्र घरात, एकाच चुलीवरचं जेवतात, हे तिला कोण सांगणार?

सल्ला चुकीचा नाही, हीच पंचाईत. लिनक्समध्ये वापरणाऱ्याच्या फायली होममध्ये असतात. ते वेगळ्या पार्टिशनवर असलं, तर सिस्टिम बिघडल्यावर रूट तेवढं फॉरमॅट करायचं. होमला हात लावायचा नाही. पण मोजमाप चुकलं की बांध कोरण्यासारखंच लफडं. रूट वाढवायला पुढचं होम मागे सरकवावं लागतं, म्हणजे त्यातला सगळा डेटा हलवायचा, तासन्‌तास. मध्येच लाइट गेली तर? सर पुन्हा पेन काढतात.

17 सप्टेंबर 2025 ला बीड-अहिल्यानगर रेल्वे सुरू झाली. जिल्ह्यानं दशकानुदशकं वाट पाहिलेली गाडी आली. सरांचं रिइन्स्टॉल काही आलं नाही.

पण महिनाभरात, 14 ऑक्टोबरला, विंडोज 10 चा सपोर्ट संपला. गल्लीतल्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज 11 चढेना. प्रोसेसर जुना, टीपीएम 2.0 नाही. दुकानदार ‘नवीनच घ्या’ म्हणू लागले. स्पर्धा परीक्षेच्या पोरांकडे कुठला पैसा? तेव्हा खिशात पेनड्राइव्ह घालून सर दारोदार फिरले. आधी फोटो, नोट्स, पीकविम्याच्या पावत्या बाहेरच्या डिस्कवर. मग पार्टिशन, न खोडता, एका दमात. शेवटी मराठी कीबोर्ड लावून, टाइप होतंय का ते पाहूनच उठायचं. फी एक चहा, तोही अर्धा. वैताग देणाऱ्या माणसाबद्दल इतकं चांगलं लिहावं लागणं हा अन्यायच आहे, पण लिहावं लागतं.

स्वतःच्या लॅपटॉपवर मात्र फॉरमॅटच्या बटणापाशी त्यांचा हात थांबतो. पुण्याला गेलेल्या मुलाचे शाळेतले फोटो त्यात आहेत. बाहेर त्यांच्या तीन प्रती आहेत, हे सरांनीच सांगितलेलं. तरीही थांबतो.

गल्लीतल्या गरजूंनी सरांना जरूर बोलवावं. फक्त बॅकअप आधी दुसऱ्या डिस्कवर घ्या. होम कितीही वेगळं ठेवलं तरी ते त्याच डिस्कवर असतं, आणि डिस्क गेली की रूटबरोबर तेही जातं.