वाल पळाला!

मुलांना स्वयंपाकात मदतीला घ्यावं, असं बालसंगोपनाची पुस्तकं सांगतात. पोरांच्या हाती कणकेचा गोळा दिल्यावर घराचं काय होतं, हे त्या लेखकांनी पाहिलेलं नसावं. पण एक काम असं आहे, ज्यात पोरांची बोटं आपल्यापेक्षा सरस ठरतात. मोड आलेले वाल सोलण्याचं.

शहापूर-मुरबाडकडे भात कापून झालं की त्याच शेतात, उरलेल्या ओलीवर वाल टाकतात. तानसा आणि भातसा ही धरणं आमच्या शहापूर तालुक्यातली, पण त्यांचं पाणी मुंबई पिते. वाल बिचारा जमिनीतल्या ओलीवर आणि पहाटेच्या दवावर भागवतो. वर भाताने ओढून घेतलेल्या नत्रातलं थोडं मुळांवरच्या गाठींतून शेताला परतही करतो. पौष पौर्णिमेला म्हसाची जत्रा भरते, त्या सुमारास हिरव्या शेंगा धरू लागतात. रायगडात याच शेंगांची पोपटी लावतात: मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यात शेंगा, पाण्याचा थेंब नाही आणि बाहेरून जाळ. आम्ही आळशी. मिठाच्या पाण्यात उकडतो आणि पोरांना अंगणात बसवतो. संयुक्त राष्ट्रांनी १० फेब्रुवारी हा जागतिक कडधान्य दिन ठरवलाय. तो ऐन शेंगांच्या दिवसांत येतो, हे बरंच झालं.

सुकलेल्या कडव्या वालांचं बिरडं मात्र सबुरीचं काम. रात्रभर भिजवा, पाणी फेका, फडक्यात बांधून ठेवा, मोड आले की कोमट पाण्यात टाका. मग परातीभोवती पोरं गोळा करा. शेंड्याशी चिमटीत धरून दाबलं की साल हातात राहते आणि डाळिंबी निसटते. कुठे निसटेल याचा नेम नसतो. एक परातीत, एक आजोबांच्या चष्म्यावर, एक थेट कपाटाखाली. "आजी, वाल पळाला!" अशी आरोळी उठते आणि तिघं जण कपाटाखाली घुसतात. परात तशीच राहते. "तोंडात टाकू नको रं, कच्चा खाऊ नये," असं आजी ओरडते, तोवर एकाने टाकलेला असतो आणि त्याचं तोंड वाकडं झालेलं असतं. पुढच्या वेळी त्याला सांगावं लागत नाही.

मोठ्या माणसांच्या हातून डाळिंबीची दोन दलं वेगळी होतात. जोर जास्त आणि लक्ष फोनमध्ये. पोरं अख्खी डाळिंबी काढतात आणि मोजतात. कोणाच्या वाटीत किती, यावरून भांडतात. सालं गोठ्यात जातात. तोवर दीड तास गेलेला असतो आणि टीव्ही लावायची आठवण कोणालाच झालेली नसते.

पुढे फार कसब नाही. तेलात मोहरी, हिंग, ओवा, कांदा. मग डाळिंब्या, ताटलीवर पाणी ठेवून मंद आच, शेवटी आमसूल, गूळ, ओलं खोबरं. हिंग-ओव्याला कारण आहे. वाल वातूळ. ही गोष्ट मोठ्यांनी दबक्या आवाजात बोलायची आणि पोरांनी जेवता जेवता जाहीर करून खिदळायची, अशी आमच्याकडची वाटणी आहे.

एरवी उसळ पाहून नाक मुरडणारं पोर तांदळाच्या भाकरीबरोबर हे बिरडं दुसऱ्यांदा मागतं. चवीपेक्षा मालकीचा भाग जास्त असावा. "ही मी सोललेली," असं प्रत्येक जण प्रत्येक डाळिंबीबद्दल सांगतो आणि त्यावर पुरावा मागायचा नसतो.

हल्ली सोललेल्या डाळिंब्या पिशवीत मिळतात. नोकरीवरून दमून येणाऱ्या बाईने त्या खुशाल घ्याव्यात. पण घरात पोरं असतील आणि रविवार मोकळा असेल, तर अख्खे कडवे वाल घ्या आणि शुक्रवारी रात्रीच भिजत घाला. आणि कृपा करून कुकर लावू नका, त्यात डाळिंब्यांचं पिठलं होतं.