जिभेचा पुरावा

निवृत्त माणसानं काय काय करावं याची एक यादी समाजानं ठरवून दिलेली आहे. तिच्यात प्राणायाम आहे, नातवंडं आहेत, सोसायटीचं सेक्रेटरीपद आहे. 'बंद पडलेल्या शीतपेयावरचा ज्ञानकोशातला लेख सुधारणे' हे मात्र त्या यादीत नाही. म्हणून कट्ट्यावर कुणी "काय चाललंय सध्या?" असं विचारलं, की मी "थोडंफार लेखन" असं मोघम सांगून सुटत असे. एकदा खरं उत्तर दिलं. "गोल्ड स्पॉटवरचा लेख नीट करतोय." वाटलं, हसतील. पण हसायला कुणाला सवडच नव्हती, कारण प्रत्येक जण आपापला लेख सांगायला लागला.

जोशी म्हणाले, त्यात अस्सल संत्र्याचा रस असायचा. यावर आमच्यातले मूळचे नागपूरकर असे काही दुखावले की त्यांना पाणी द्यावं लागलं. रस नव्हताच, स्वाद होता, रंग होता आणि भरपूर साखर होती. पण जोशी ऐकेनात. "मी प्यायलोय!" हा त्यांचा शेवटचा मुद्दा. गोल्ड स्पॉट नक्की कधी बंद झालं, यावरही एकमत होईना. ज्याचं बालपण जेव्हा संपलं, तेव्हा त्याच्या मते गोल्ड स्पॉट संपलं.

आता आंतरजालावरच्या मुक्त ज्ञानकोशात कुणालाही लिहिता येतं, तेव्हा जोशींनाही येईल. पण तिथं 'मी प्यायलोय' चालत नाही. उलट तुम्ही प्यायलेले असाल तर तुमच्याकडे जरा संशयानंच पाहिलं जातं. मी मोठ्या उत्साहानं लिहिलं, 'हे पेय प्यायल्यावर जीभ केशरी होत असे.' दुसऱ्या दिवशी वाक्याला शेपूट फुटलेलं होतं : 'संदर्भ हवा'. आता याला संदर्भ कुठून आणायचा? अख्ख्या पिढीनं लग्नाच्या मांडवात एकमेकांना जिभा काढून दाखवल्या, तो काय पुरावा नव्हे? नव्हे. जीभ चालत नाही, छापील जीभ लागते.

छापील काय मिळतं, तर धंद्याचा इतिहास. तो मात्र ठणठणीत उभा राहतो. गोल्ड स्पॉट पार्लेचं. बिस्किटवाल्या पार्लेचं नव्हे. चौहान कुटुंब तेच, शाखा वेगळी. परदेशी कंपन्यांनी आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणावा, या परकीय चलन कायद्यातल्या अटीवरून १९७७ मध्ये कोका-कोलानं देश सोडला. जॉर्ज फर्नांडिस तेव्हा उद्योगमंत्री होते. सरकारनं आपल्या मॉडर्न फूड इंडस्ट्रीजकडून 'डबल सेव्हन' नावाचा कोला काढला, पार्लेनं थम्स अप काढलं. सरकारचा कोला सरकारी गतीनं चालला, पार्लेचा पळाला. गोल्ड स्पॉट या सगळ्याच्या आधीपासून बाजारात होतं. रेखापासून ते 'झिंग थिंग'पर्यंत त्याच्या जाहिराती गाजल्या. पुढे १९९३ मध्ये कोका-कोला परतली आणि तिनं पार्लेची पेयं विकत घेतली : थम्स अप, लिम्का, माझा, सिट्रा, गोल्ड स्पॉट. थम्स अप तगलं. गोल्ड स्पॉटच्या नशिबी मात्र ज्या घरात संत्र्याच्या स्वादाची थोरली सून आधीच नांदत होती, ते सासर आलं. तिचं नाव फँटा. धाकटीला पुढे कुणी हाकही मारली नाही.

हे सगळं लेखात गेलं आणि कुणी हरकत घेतली नाही. पण वाचून पाहिलं तर त्या लेखात तहानच नव्हती. कोणी कोणाला काय विकलं हे होतं. पिणारा कुठंच नव्हता. इराण्याच्या हॉटेलात गल्ल्याशेजारी पेटीतल्या बर्फात बुडालेल्या बाटल्या, "थंड घेणार की गरम?" असं विचारून पाहुण्याची ऐपत नव्हे तर आपली दाखवणारे यजमान, बिल्ल्यांच्या आत जंगल बुकमधली चित्रं निघायची म्हणून दुकानाबाहेरची माती चाळणारी पोरं. यातलं जंगल बुक तेवढं जाहिरातीमुळे लेखात टिकण्याजोगं. बाकीचं म्हणजे आठवणी.

मग लक्षात आलं, की या पेयाचा पुरावा न उरण्याला कारण आहे. काचेची बाटली परत द्यायची असे. घरी न्यायची तर डिपॉझिट ठेवा, नाहीतर दुकानाच्या पायरीवर उभं राहून संपवा. दुकानदाराचं लक्ष आपल्यापेक्षा बाटलीवर जास्त. ती परत जायची, धुऊन, भरून पुन्हा यायची. म्हणजे लाखो लोक जे प्यायले, ते कुणाच्या घरी उरलंच नाही. बिल्ला तेवढा उरायचा; तोही पोरांनी ठोकून सपाट केला, दोरा ओवून फिरकी केली. लग्नाच्या अल्बममध्ये कुणाच्या काकांच्या हातात अर्धी बाटली दिसते खरी, पण काकांची ओळखच पटवावी लागते, बाटलीची कोण पटवणार?

एवढं सोसूनही मी त्या 'संदर्भ हवा'च्या बाजूचा आहे. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी कंपनी काढून, लोकांना भाग विकून ज्ञानकोशाचे २३ खंड पुरे केले. त्यात जोशींचं, माझं आणि नागपूरकरांचं म्हणणं शेजारी शेजारी छापायचं ठरलं असतं, तर 'अ' अक्षरालाच तेवढे खंड लागले असते. आठवण गोड असते, पण तिला साखरेचं प्रमाण विचारलं की ती रस सांगते. ते तपासायला कागद हवा. माझ्या लेखातून 'अवीट' आणि 'लाजवाब' ही दोन्ही विशेषणं एका अनोळखी संपादकानं उडवली, तेव्हा राग आला होता. आता वाटतं, बरं केलं. ज्याला चव माहीत आहे त्याला विशेषण लागत नाही, आणि ज्याला माहीत नाही त्याला ते पुरत नाही.

तेव्हा वाचकहो, एकच विनंती. माळ्यावर जुने दिवाळी अंक, साप्ताहिकं, लग्नाच्या खर्चाच्या वह्या असतील, तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी पानं चाळा. मलपृष्ठावर शीतपेयाची, साबणाची, बिस्किटाची जाहिरात दिसली तर तिचा फोटो काढा. अंकाचं नाव, महिना आणि साल दिसेल असा काढा, आणि जमलं तर अंक जवळच्या ग्रंथालयाला द्या. गोल्ड स्पॉटची चव सांगायला पुढे कुणी येणार नाही. तारीख असलेलं एक पान मात्र ज्ञानकोशात बिनतक्रार घेतलं जाईल.