कोणासाठी हवंय?

काष्ठौषधीच्या दुकानात प्रश्न विचारायचा हक्क गिऱ्हाइकाचा नसतो, दुकानदाराचा असतो. पुण्याच्या रविवार पेठेत किंवा मंडईच्या आसपास अशा एखाद्या दुकानाच्या फळीला टेकून "पन्नास ग्रॅम ज्येष्ठमध द्या" एवढं म्हणून बघा. आतून आधी माल येत नाही, चौकशी येते. कोणासाठी हवंय? वय काय? खोकला कोरडा की कफाचा? ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे का? शेवटच्या प्रश्नाला "हो" म्हणालात, तर पुडी बांधायला घेतलेला कागद परत जागेवर जातो. ज्येष्ठमध बरेच दिवस चघळला तर रक्तदाब चढू शकतो, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक असतं. त्यातल्या गुन्हेगाराचं ग्लिसिरायझिन हे नाव ठाऊक नसलं तरी त्याचं अडत नाही. "अडुळसा न्या," तो म्हणतो, "आणि डॉक्टरांना विचारून घ्या." एवढ्याशा पुडीसाठी इतकी उलटतपासणी कोर्टातही होत नसेल.

माझा भाचा या माणसाला फोनमध्ये बसवायला निघाला आहे. म्हणजे माणूस वगळून बाकीचं सगळं. वनौषधींची माहिती देणारं आणि त्या घरपोच विकणारं ॲप. भाचा हिंजवडीत संगणकावर काम करतो. ओवा आणि जिरं यांतला फरक त्याला फोटोवरून सांगता येतो, वासावरून नाही. मी त्याचा सल्लागार. माझी पात्रता एवढीच, की घरात कोणी शिंकलं की गवती चहाचं नाव काढणारा मी खानदानातला शेवटचा इसम आहे. मानधन चहा. तोही साधा, गवती नव्हे.

"मामा, चांगल्या ॲपचा नियम एकच," त्याने पहिल्याच बैठकीत बजावलं. "वापरणाऱ्याला कुठेही अडू द्यायचं नाही. तीन क्लिक, माल दारात." मला तिथेच काळजी वाटू लागली. कारण ज्या धंद्यावर तो हे ॲप बांधत होता, त्या धंद्याचं सगळं कसब गिऱ्हाइकाला कुठे अडवायचं यातच आहे.

पहिलं भांडण शोधाच्या चौकटीवरून झालं. त्याने संस्कृत नावांची अकारविल्हे यादी केली होती आणि प्रत्येकाखाली लॅटिन. मी म्हटलं, "अरे, सर्दीने नाक चोंदलेला माणूस 'शुंठी' शोधत नाही. तो 'कणकण वाटतेय' म्हणतो. 'घसा खवखवतोय', 'अंगात कसर आहे', 'पोटात मुरडा येतो' असं म्हणतो. तुझ्या ॲपला मुरडा कळतो का?" ॲपला मुरडा कळत नव्हता. ॲपने 'मोरांबा' सुचवला. सल्लागार म्हणून ही माझी पहिली कमाई. त्या दिवशी चहाबरोबर बिस्किटं आली.

एका वनस्पतीला अनेक नावं असतील तर संगणक ते पचवतो. गुळवेल, गुडूची, अमृता, गिलोय: चारही दारं एकाच घरात उघडतात. उलटा प्रकार असला की मात्र त्याला अपचन होतं. ब्राह्मीच घ्या. आपल्याकडे ब्राह्मी म्हटल्यावर बहुतेकांच्या डोळ्यांपुढे गोलसर पानांची, जमिनीलगत पसरणारी वनस्पती येते, शास्त्रात जिला सेंटेला एशियाटिका म्हणतात. ग्रंथ घेऊन बसलेले वैद्य म्हणतात की ती मंडूकपर्णी. खरी ब्राह्मी म्हणजे बारीक मांसल पानांची, पाणथळ जागेतली बॅकोपा मोनिएरी. शंखपुष्पी या नावावर दावा सांगणाऱ्या तर कितीतरी, आणि त्यांतली एक चक्क आपल्या कुंपणावरची गोकर्ण. रास्ना उत्तरेत एक, दक्षिणेत दुसरी. अशोकाची साल मागवली, तर ती सीतेच्या अशोकाची निघेल की सोसायटीच्या कंपाउंडलगत पहारेकऱ्यासारख्या उभ्या असलेल्या खोट्या अशोकाची, याची शाश्वती नाही.

"पण फोटो तर एकच लागतो," भाचा म्हणाला.

"मग कोणाचा लावणार?"

त्याने दवबिंदू पडलेल्या हिरव्या पानाचा लावला. आयुर्वेदाच्या जाहिरातीत सगळीकडे हेच एक पान असतं. ते बहुधा पुदिन्याचं असावं.

चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात याबद्दल आलेलं आहे. शेळ्या, मेंढ्या, गायी राखणाऱ्यांना आणि रानात राहणाऱ्यांना वनस्पती नावाने आणि रूपाने ठाऊक असतात. पण तेवढ्याने त्या वापरायच्या कशा हे कळत नाही, असा त्याचा मथितार्थ. भाच्याच्या ॲपची पहिली आवृत्ती मेंढपाळाच्याही मागे होती. त्याला निदान रूप तरी ठाऊक असतं.

खरी मजा आली ती बाळगुटीच्या पानावर. हळकुंड, वेखंड, हिरडा, बेहडा, मायफळ, जायफळ, मुरुडशेंग, सागरगोटा, काकडशिंगी, अतिविष, ज्येष्ठमध, सुंठ, खारीक, बदाम. घराघरांत यादी थोडी इकडेतिकडे. हे सगळं सहाणेवर दुधात उगाळायचं. भाच्याने 'मात्रा' अशी चौकट करून पुढे पर्याय दिले होते: मिलिग्रॅम, ग्रॅम, चमचा.

"यात वेढा घाल," मी म्हटलं.

"वेढा म्हणजे किती?"

"सहाणेवर एकदा गोल फिरवलं की एक वेढा."

"हो, पण मिलिग्रॅममध्ये किती?"

आता याला काय सांगणार? वेढ्याचं वजन सहाण किती खरबरीत आहे यावर, आजीच्या मनगटावर, आणि त्या सकाळी सुनेशी काय बोलणं झालं यावर अवलंबून असतं. बाळाच्या पोटात कळ येत असेल तर मुरुडशेंगेचे वेढे वाढणार. जायफळ मात्र जपून, नाहीतर बाळ दुपारपर्यंत उठत नाही आणि घाबरून सगळं घर पाळण्याभोवती गोळा होतं. या मापाला प्रमाण म्हणून कुठलीही सरकारी पट्टी नाही. पण आजी रोज सकाळी बाळाची शी बघायची, झोप विचारायची, रडणं ऐकायची आणि त्या दिवसाचे वेढे ठरवायची. मोजमाप ढिलं, लक्ष मात्र कडक. भाच्याच्या ॲपचं नेमकं उलटं: मोजमाप मिलिग्रॅमपर्यंत चोख आणि बाळाकडे लक्ष शून्य.

बरं, हल्ली मुलांचे डॉक्टर सांगतात की पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीच नको, पाणीसुद्धा नको. माझा कौल त्यांच्याच बाजूने. तेव्हा बाळगुटीचं पान वाचायला ठेवावं, विकायला नको, असा सल्ला मी दिला. भाचा हिरमुसला. त्याने बारशाच्या भेटीसाठी लाल फितीची पेटी आखून ठेवली होती, आत छोटीशी सहाणसुद्धा होती. म्हटलं, सहाण खुशाल वीक.

सुरक्षेची त्याला काळजी नव्हती असं नाही. त्याने एक गाळणी लिहिली होती: नावात 'विष' आलं की माल अडवायचा. गाळणीने अतिविष अडवलं, जे पिढ्यान्‌पिढ्या तान्ह्यांच्या गुटीत उगाळलं गेलं आहे. आणि वत्सनाभ सोडून दिला, म्हणजे आपला बचनाग, जो शोधन न करता पोटात गेला तर माणूस दगावतो. दोघंही एकाच ॲकोनाइट घराण्यातले. पण एकाच्या नावात विष, दुसऱ्याच्या नावात वासराची बेंबी. बेंबीवाला आरामात कार्टमध्ये जाऊन बसला.

मग आम्ही कायद्याचं पुस्तक काढलं. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा 1940 सालचा. त्याच्या नियमांना ई-1 नावाची एक अनुसूची जोडलेली आहे. आयुर्वेदातली विषारी द्रव्यं त्यात आहेत: वत्सनाभ, धोत्रा, कुचला, जमालगोटा, बिब्बा, गुंज. यांपैकी काही असलेलं पोटात घ्यायचं औषध विकायचं, तर ते वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावं अशी सूचना वेष्टनावर छापावी लागते. गुंजेचं नाव वाचून मी क्षणभर थांबलो. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. वैद्यांनी औषधं आणि सोनारांनी सोनं ज्या बियांनी तोललं, त्या स्वतःच विषाच्या यादीत. भाच्याचं लक्ष मात्र बिब्ब्यावर होतं. "यानेच घातला धंद्यात," तो म्हणाला.

बिब्बा आणखीही होता. मुखपृष्ठावर त्याने ठसठशीत अक्षरांत 'मधुमेह मुळापासून बरा' असं टाकलं होतं. आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा जादुई उपचारांचा कायदा आहे 1954 सालचा, आणि ज्या आजारांवर रामबाण इलाजाची जाहिरात करायची नाही त्यांची त्यातली यादीही 54 नावांची. लक्षात ठेवायला इतका सोपा कायदा दुसरा नसेल. त्यात मधुमेह आहे, लठ्ठपणा आहे, मोतीबिंदू आहे, आणि माणसाची उंचीसुद्धा आहे. भाच्याने ती ओळ काढली आणि तिथे 'शंभर टक्के नैसर्गिक, दुष्परिणाम नाहीत' असं लिहिलं. म्हटलं, बचनागही शंभर टक्के नैसर्गिकच आहे.

वनस्पतींना मी कमी लेखतो असं कोणी समजू नये. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेमुळे रक्तदाब उतरतो हे रुग्णांवर पडताळून 1949 साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडलं आणि जगभरच्या डॉक्टरांचं लक्ष या मुळीकडे वळलं. मुळी खरोखर काम करते. म्हणून तर आधीच ब्लडप्रेशरची गोळी घेणाऱ्याला ती देताना विचारावं लागतं. काहीच न करणारी मुळी असती, तर ती खुशाल तीन क्लिकांत विकता आली असती.

मध्यंतरी ॲपमध्ये बोलका मदतनीस घालायची टूम निघाली. वापरणारा प्रश्न विचारणार, यंत्र उत्तर देणार. "असं अजून कोणी केलं नाही," असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, गोव्यात 1563 साली झालंय. गार्सिया द ऑर्ता नावाच्या पोर्तुगीज वैद्याने हिंदुस्थानातल्या औषधी द्रव्यांवर लिहिलेलं पुस्तक त्या साली गोव्यात छापलं गेलं, आणि ते सगळंच्या सगळं संवादात आहे. युरोपातून नुकता आलेला रुआनो नावाचा कल्पित डॉक्टर विचारतो, ऑर्ता सांगतात. रुआनो जुन्या ग्रीक ग्रंथांचे दाखले देतो, ऑर्ता आपण इथे काय पाहिलं ते पुढे ठेवतात, मध्येच विषय सोडून भलतीकडे जातात. ऑर्ता स्वतः व्यापारही करत. त्या काळी मुंबईचं बेट त्यांच्याकडे खंडाने होतं. एवढा मोठा इसम, पण एकाही संवादाच्या शेवटी 'आत्ताच मागवा' असं म्हणत नाही.

माझं भाच्याशी खरं भांडण एवढंच आहे. शिकवणं आणि विकणं एकाच पडद्यावर आलं की शिकवणं विकण्याच्या बाजूला कलतं. त्याच्या आराखड्यात प्रत्येक वनस्पतीचे उपयोग मोठ्या अक्षरांत होते आणि 'कोणी घेऊ नये' हा मजकूर 'आणखी वाचा'च्या मागे दडलेला. त्याने हे मुद्दाम केलं नव्हतं. खाली हिरवं बटण ठेवायचं तर वरची जागा कुठून तरी काढावीच लागते, आणि ती नेहमी 'कोणी घेऊ नये'मधूनच निघते. मी म्हणतो, माहितीच्या पानावर बटणच नको. विकायचं पान वेगळं, आणि त्याच्या दारात रविवार पेठेतले प्रश्न: कोणासाठी, वय काय, दिवस गेले आहेत का, कुठली गोळी चालू आहे. उत्तरं ठीक नसतील तर बटण विझलं पाहिजे.

"मामा, गिऱ्हाइकाला दारातच अडवायचं?"

"दारातच."

बाकी गोष्टींवर आम्ही तडजोड केली. दहा मिनिटांत एरंडेल पोचवायची योजना त्याने मागे घेतली. त्यात पुढची घाई गिऱ्हाइकाची असते. 'तुमच्या कार्टमधला काडेचिराईत तुमची वाट पाहतो आहे' असा संदेश रात्री पाठवायचा नाही असं ठरलं. तारे मात्र राहिले. चाचणीत सुंठीला एकच तारा मिळाला, शेरा होता: 'तिखट आहे'.

प्रश्नांबद्दल मी हट्टाला पेटलो, त्याला कोरोनाचा काळ कारण आहे. तेव्हा घरोघर गुळवेल उकळत होती. 2021 साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला सूज आलेल्या काही रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती अमान्य केली आणि तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत झाली असावी, असं म्हटलं. वादात कोणाची सरशी झाली ते बाजूला ठेवू. पण दोन्ही बाजू जे विचारत होत्या ते प्रश्न एकच. वेल नक्की कुठली? किती घेतली? किती दिवस? घेणाऱ्याला आधीपासून काय होतं? फळीमागचा माणूस पुडी बांधण्याआधी विचारतो ते हेच.

भाच्याने अखेर प्रश्न ठेवले, पण वर कोपऱ्यात 'वगळा' असं बारीक बटण घातलं. सध्या आमचं काम त्या बटणावर अडलेलं आहे.

ॲप येईल तेव्हा येईल. तोवर, आणि ते आल्यावरही, एवढं करा: डॉक्टरांनी "आणखी काही औषध चालू आहे का?" असं विचारलं की "छे, काही नाही" म्हणू नका. सकाळचा काढा, रात्रीचं चूर्ण, शेजारणीने दिलेली वेल, सगळं सांगा. वैद्यांकडे गेलात तर तिथेही रक्त पातळ करायची गोळी लपवू नका. आणि नाव आठवत नसेल, तर पुडीच घेऊन जा.