अहो, ऐकलंत का?

जोडून सुट्टी आली की नवी मुंबईकराला घरात बसवत नाही. यंदा महाराष्ट्र दिन शुक्रवारी आला. बुद्धपौर्णिमाही नेमकी त्याच दिवशी, म्हणजे एका तारखेने दोन सुट्ट्या गिळल्या. नोकरदार माणूस अशा वेळी कॅलेंडरला चार शब्द सुनावतो आणि गाडीत बॅगा भरतो. गुरुवारी रात्री आमच्या नेरूळच्या सोसायटीतून इतक्या गाड्या बाहेर पडल्या की वॉचमनने गेट उघडंच ठेवलं. कुणी अलिबागला, कुणी गुहागरला, कुणी थेट तारकर्लीला. मध्यरात्री सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांचे फोटो आले, ते मात्र एकाच ठिकाणचे होते. पळस्पे फाट्याचे.

मी जपानला जायचं ठरवलं होतं. मग व्हिएतनाम, परतताना व्हॅटिकन, आणि हवा बरी असली तर रुमानिया. खर्च म्हणजे चार पेन्सिल सेल.

माझा शॉर्टवेव्ह रेडिओ लॅमिंग्टन रोडवरचा. ‘यात ब्लूटूथ नाही हं, साहेब,’ असं दुकानदाराने पैसे घेण्याआधी बजावलं आणि घेतल्यावरही बजावलं. रेडिओबरोबर मी तांब्याची तार आणली आणि ती बाल्कनीच्या ग्रिलपासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत ताणली. सेक्रेटरी लगेच वर आले. “ही केबलवाल्याची का?” “नाही.” “इंटरनेटवाल्याची?” “नाही.” “मग हिच्यातून येतं काय?” “रुमानिया,” मी म्हणालो. त्यांनी वहीत ‘किरकोळ’ असं लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी तारेवर दोन टॉवेल आणि एक परकर वाळत होता, आणि त्यानंतर माझ्या तारेबद्दल सोसायटीत कुणाची हरकत उरली नाही.

शॉर्टवेव्हचं शास्त्र साधं आहे. आपल्या डोक्यावर दोनशे-चारशे किलोमीटरवर आयनोस्फिअरचा एक थर असतो. शॉर्टवेव्हच्या लहरी त्यावर आपटून परत जमिनीवर येतात. कॅरममध्ये पलीकडच्या कडेला रिबाउंड देऊन आपल्याच पॉकेटात सोंगटी घालावी, तसा हा खेळ. म्हणून पारसिकचा डोंगर आडवा येत नाही आणि हजारो किलोमीटरवरचा माणूस नेरूळच्या बाल्कनीत येऊन बोलतो. दिवसा सूर्यामुळे खाली आणखी एक थर तयार होतो आणि तो कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी पिऊन टाकतो. म्हणून दिवसा १६ आणि १९ मीटरच्या पट्ट्यांवर शोधायचं, आणि सूर्य खाडीपलीकडे बुडाला की ३१, ४१, ४९ मीटरवर उतरायचं. स्टेशनंही ऋतू पाहून जागा बदलतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी सगळ्या जगाचं उन्हाळी वेळापत्रक लागू होतं आणि जुन्या जागी स्टेशन सापडेनासं होतं. वेळा सगळ्या ग्रिनिचच्या, त्यात आपले साडेपाच तास मिळवायचे. “जेवायला कधी येताय?” या प्रश्नाला मी “पंधरा वाजता” असं उत्तर दिलं तेव्हा सौ. ने ताट झाकून ठेवलं आणि मला काही बोलायचं सोडून दिलं. पंधरा म्हणजे रात्रीचे साडेआठ, हे ऐकून घ्यायलाही ती थांबली नाही.

हजारो किलोमीटर बिनबोभाट येणारी लहर अडते ती शेवटच्या दहा फुटांत. नवी मुंबई हे आखून बांधलेलं शहर. सेक्टर आखले, नोड आखले, झाडं कुठे लावायची तेही आखलं. पण शॉर्टवेव्ह ऐकणारा माणूस कुणाच्याच नकाशात नव्हता. एलईडी बल्ब खरखरतो, मोबाइलचा चार्जर गुणगुणतो, सेट-टॉप बॉक्स टकटक करतो, वायफायचा अ‍ॅडॉप्टर अखंड शिट्टी वाजवतो. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली की टोकियो जातं, पाचव्यावर गेली की परत येतं. वरच्या मजल्यावर मिक्सर सुरू झाला की कुठली चटणी चालली आहे ते मला खरखरीच्या लांबीवरून कळतं. खोबऱ्याची लसणीपेक्षा लांब असते.

तरी शुक्रवारी संध्याकाळी बरीच भ्रमंती झाली. पहिलं लागतं ते चीन. दुसरंही चीन. बटण फिरवत राहिलात तर मधेमधे इतर देशही लागतात. चायना रेडिओ इंटरनॅशनलची हिंदी इतकी शुद्ध की आपण आजवर हिंदी म्हणून जे बोलत आलो त्याची लाज वाटावी. जपानच्या एनएचकेची हिंदी त्याहून अदबशीर. भूकंपाची बातमीही अशी देतात की आपणच उठून ‘असू दे, होतं असं’ म्हणावं. व्हॅटिकन हिंदी, तमिळ आणि मल्याळममधून बोलतं. बीबीसीचं इंग्रजी ओमानमधल्या सहक्षेपण केंद्रावरून, म्हणजे अरबी समुद्र ओलांडून थेट माझ्या परकरावर येतं. आणि प्याँगयाँगहून उत्तर कोरिया, समूहगानांच्या मधल्या जागेत, नेत्याने कुठल्या कारखान्याला भेट देऊन काय मार्गदर्शन केलं ते सविस्तर सांगतं. नवी मुंबईच्या चौकाचौकांतले वाढदिवसाचे फलक रोज वाचणाऱ्या माणसाला त्यात परकं असं काही वाटत नाही.

आणि मग अर्धी रात्र जग चाळल्यावर ११,३८७ किलोहर्ट्झवर एक गंभीर आवाज लागतो. साध्या सेटवर तो बदकासारखा ऐकू येतो, पण माझ्या सेटवर साइडबँडचं बटण आहे. कान टवकारून ऐकावं, वही उघडावी, तर ‘मुंबई’! आकाशातल्या वैमानिकांना विमानतळांचं हवामान सांगणारं हे आपलंच मुंबई व्हॉल्मेट. वारा किती, दृश्यता किती, तापमान किती. उकडतंय एवढं कळायला मला आयनोस्फिअरची गरज नव्हती, पण अधिकृतपणे उकडतंय हे कळल्यावर बरं वाटलं.

आता या सगळ्यांत ऐकण्यासारखं काय असतं, असं लोक विचारतात. मला या स्टेशनांचं बोलणं जितकं आवडतं त्याहून त्यांचं विचारणं आवडतं. माझ्या मोबाइलला माझ्याबद्दल सगळं ठाऊक आहे. मी गुडघेदुखीवर काय शोधलं, कुठल्या व्हिडिओवर किती वेळ थांबलो, रात्री किती वाजता झोपलो. शॉर्टवेव्हवरच्या माणसाला मात्र मी आहे की नाही हेही माहीत नसतं. तो बुखारेस्टमध्ये बसून अंधारात बोलत असतो आणि कार्यक्रमाच्या शेवटी पत्ता सांगून विनवतो की, आम्ही ऐकू येतो का, कसे येतो, कृपया कळवा. थोडक्यात सगळं जग एकच गोष्ट विचारत असतं: अहो, ऐकलंत का? घरात हा प्रश्न ऐकला की मी पेपर वर धरतो. रुमानियाने विचारला की पाठ ताठ करून उत्तर लिहितो.

उत्तर लिहायचीही रीत आहे. तिला सिन्पो म्हणतात. सिग्नलची ताकद, दुसऱ्या स्टेशनचा अडथळा, खरखर, लहरींचा चढउतार आणि एकूण, अशा पाच गोष्टींना एक ते पाच गुण. पाच म्हणजे उत्तम, एक म्हणजे असह्य. अहवाल बरोबर निघाला तर स्टेशन एक चित्रमय कार्ड पाठवतं, त्याला क्यूएसएल म्हणतात. ही सवय एकदा लागली की माणूस सगळ्यांनाच गुण देत सुटतो. आमच्या सोसायटीची वार्षिक सभा: ताकद पाच, अडथळा एक, खरखर एक, चढउतार जेवणाची पाकिटं येईपर्यंत, एकूण एक.

पत्राची वाट पाहणारी ही माणसं कमी होत चालली आहेत. बीबीसीची हिंदी ३१ जानेवारी २०२० ला शॉर्टवेव्हवरून उतरली. व्हॉइस ऑफ अमेरिकेचे बहुतेक कार्यक्रम मार्च २०२५ मध्ये सरकारी हुकुमाने बंद पडले. एके काळी लंडन १९४२ ते १९५८ मराठीतून बोलत होतं, आणि सोव्हिएत काळात मॉस्कोही. मॉस्कोला आपल्याशी मराठीत बोलावंसं वाटत होतं. आज मला माझ्या सेक्टरातला रिक्षावाला हिंदीत विचारतो.

शॉर्टवेव्हवर आपली माणसं नुसती ऐकत बसली नव्हती. १९४२ च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच मुंबईत ४२.३४ मीटरवर गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. पोलिसांना चुकवत जागा बदलत राहिले आणि १२ नोव्हेंबरच्या छाप्यापर्यंत बोलत राहिले. १९५५ पासून लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी गोव्याच्या सीमेवरच्या जंगलातून पोर्तुगीज आणि कोंकणीत स्वातंत्र्याचा आवाज सोडला, तो १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत. कुणी ऐकतंय का, हे त्यांनाही समोर दिसत नव्हतंच. एवढा मोठा वारसा सांगितल्यावर सेक्रेटरींनी माझ्या तारेपुढचं ‘किरकोळ’ खोडून ‘ऐतिहासिक’ लिहावं, अशी माझी माफक अपेक्षा होती. त्यांनी विचारलं, “मग पोलीस येणार का?”

शनिवारी दुपारी गच्चीवर कुरडयांचा सोहळा होता. बायकांनी साड्या अंथरून चीक पिळला होता. दिवसा तिथे स्टेशन लागत नसतानाही मी बाल्कनीत ४९ मीटरवर होतो आणि तिथे कडकड ऐकू येत होती. चार्जरची खरखर सरळ असते, ही तुटक होती. कुठेतरी घाटावर विजा पडत होत्या. वीज शेकडो किलोमीटरवर कडाडली तरी खालच्या पट्ट्यांवर तिची कडकड ऐकू येते. मे महिन्यात वळीव दिसण्याआधी रेडिओवर येतो तो असा. मी वर जाऊन सांगितलं, “कुरडया उचला. वळीव येतोय.”

सगळ्यांनी आधी आकाशाकडे आणि मग मोबाइलकडे पाहिलं. आकाशात सूर्य होता, मोबाइलमध्ये त्याहून मोठा सूर्य होता. “कुणी सांगितलं?” “एकोणपन्नास मीटरने.” सौ. दुसरीकडे पाहू लागली.

संध्याकाळी पाम बीच रोडची धूळ आधी आली, मग वारा, मग टपोरे थेंब. जिन्यात परातींची पळापळ झाली, निम्म्या कुरडया वाचल्या. मी तेवढ्यात तार रेडिओपासून काढून बाहेर टाकली, कारण विजा असताना एरियल लावून बसणाऱ्या माणसाला कुठलंच स्टेशन कार्ड पाठवत नाही. आणि एक धाडकन आवाज होऊन सगळ्या सेक्टरची लाइट गेली.

अंधारात इमारतीतून एकच “अर्रर्र” उठलं. मी मात्र रेडिओकडे धावलो. बल्ब मेले, चार्जर मेले, लिफ्ट मेली, सेट-टॉप बॉक्स मेला. वळीव पुढे सरकला होता. मी रेडिओची स्वतःचीच काडी वर ओढली आणि बटण फिरवलं. अशी शांतता मी नेरूळमध्ये कधी ऐकली नव्हती. ३१ मीटरवर स्टेशनं दाटीवाटीने उभी होती. एकेक आवाज घासूनपुसून ठेवलेला.

मोबाइलचं नेटवर्क अंग चोरून बसलं होतं. उकाड्याने लोक जिन्यात आले आणि आवाजाच्या दिशेने आमच्या दारात जमले. एका पोराने विचारलं, “काका, हे स्किप कसं करायचं?” होत नाही म्हटल्यावर तो प्रथमच कुठलीतरी गोष्ट शेवटपर्यंत ऐकत बसला, आणि ती व्हिएतनामच्या भातशेतीबद्दल होती. तळमजल्यावरच्या केरळी काकूंना व्हॅटिकनचं मल्याळम लागल्यावर त्यांनी सगळ्यांना हाताने गप्प केलं. निवृत्त शेजाऱ्यांना रेडिओ सिलोन हवं होतं. बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सयानींची बिनाका गीतमाला आणि सकाळी आठच्या ठोक्याआधी सैगल, हे त्यांनी असं सांगितलं की मी बटण फिरवत बसलो, १९५२ साल लागतं का पाहायला. सेक्रेटरीही आले होते. “अहो, ते रुमानिया लावा की,” ते म्हणाले. “तारेची नोंद आहे माझ्याकडे.”

मग दिवे लागले. “आलीऽऽ!” म्हणून सेक्टरभर ओरडा झाला, टाळ्या वाजल्या. पंखे फिरले, चार्जर गुणगुणले, लिफ्ट हलली, आणि भातशेती खरखरीत बुडाली. दारातली माणसं बोलता बोलता नाहीशी झाली. पोरगा जाताना म्हणाला, “काका, परत कधी जाणार लाइट?” या प्रश्नाचं वेळापत्रक कुठल्याच हंगामात निघत नाही.

रविवारी रात्री मी रुमानियाला अहवाल लिहायला बसलो. ‘अडथळ्याचे स्वरूप’ या जागी मिक्सर, लिफ्ट आणि कुरडया असं लिहिलं. सौ. खांद्यावरून वाचत होती. “मला किती गुण?” तिने विचारलं. मी उदारपणे ताकदीला पाच दिले, चढउताराला पाच, एकूण पाच.

“आणि तुम्ही ऐकू येता का, कसे येता, हे कधी विचारलंत?”

मी पेन पुढे केलं. तिने शांतपणे पाच आकडे लिहिले. ताकद पाच, खरखर एक, एकूण दोन.

“दोन म्हणजे वाईट,” मी म्हणालो.

“असू दे,” ती म्हणाली. “या पट्ट्यावर आता दुसरं स्टेशन कुठे लागतंय?”