एकटीने निघण्याची शास्त्रोक्त पूर्वतयारी

एकट्या बाईने पाठीवर सॅक टाकून लांबच्या प्रवासाला निघायचं, तर सॅक भरायला दोन तास लागतात आणि घरच्यांची समजूत घालायला दोन महिने. या विषयावरची यच्चयावत मार्गदर्शनं त्या दोन तासांबद्दलच बोलतात. ती उणीव इथे भरून काढायची आहे. उदाहरणादाखल स्पीती घेऊ. हिमाचलातलं, उंचावरचं, थंड, आणि नाव काढताच घरातल्या कुणालाही धड नकाशावर दाखवता येणार नाही असं.

पहिली पायरी घोषणेची. घोषणा तिकीट काढल्यानंतरच करावी. ‘मी जाऊ का?’ याला आपल्या घरांत ‘बघू’ असं उत्तर मिळतं आणि ते बघणं पुढचा पावसाळा उलटला तरी संपत नाही. ‘मी बारा तारखेला निघतेय’ म्हटलं की प्रश्न येतात, पण नकार येत नाही. त्यातून तिकीट रद्द केलं तर पैसे कापले जातात हे कळल्यावर वडिलांचा विरोध निम्म्यावर येतो. मध्यमवर्गीय माणसाचा जीव मुलीत असतोच, पण कॅन्सलेशन चार्जेसमध्येही असतो.

मग प्रश्न. वडील विचारतात, ‘सोबत कोण आहे?’ आई विचारते, ‘जेवणाचं काय?’ शेजारच्या काकू सुचवतात की लग्न झाल्यावर दोघं मिळून जा, जणू स्पीती तोवर राखून ठेवलेली आहे. इतिहासाचा आधार घ्यायचा असेल तर जपून घ्यावा. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलमध्ये, अठराव्या वर्षी, नवरा बरोबर नसताना कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला निघाल्या, हा दाखला मावशीपुढे ठेवला की ती शांतपणे म्हणते, ‘हो, पण त्यांना नवऱ्यानेच पाठवलं होतं.’ मुद्दा बिनतोड आहे. वाद न घालता चहा प्यावा.

काकांचा आक्षेप शास्त्रीय असतो: ‘तिकडे ऑक्सिजनच नसतो म्हणे.’ असतो. हवेतलं त्याचं प्रमाण स्पीतीतल्या काझा गावातही पुण्याइतकंच, सुमारे २१ टक्के. हवेचा दाब कमी असल्याने एका श्वासात वाट्याला येतो तेवढा कमी. हा भाग मात्र चेष्टेवारी नेऊ नये. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रोजचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा फार तर पाचशे मीटर उंच असावा. म्हणून पहिल्यांदा जाणारीने सिमल्यावरून किन्नौरमार्गे सावकाश चढावं, कल्पाला थांबावं, ताबोला थांबावं (तिथला गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, ९९६ सालचा आहे, एवढ्यात कुठे जात नाही) आणि मग काझा गाठावं. मनालीहून कुंझुम खिंड ओलांडून एका दिवसात काझ्याला पोचता येतं. डोकंही त्याच रात्री धरतं. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी मैत्रिणीने घेतली म्हणून आपण घेऊ नये. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर ती महागात पडू शकते, तेव्हा डॉक्टरांना विचारावं. काकांना यातलं काही सांगू नये. ‘डॉक्टरांना विचारलंय’ एवढंच सांगावं. डॉक्टर या शब्दापुढे काका नमतात.

आता सॅक. चाळीस ते पन्नास लिटरची पुरते. कंबरपट्टा रुंद हवा, कारण ओझं खांद्यांनी नव्हे, कमरेने उचलायचं असतं. जड वस्तू पाठीला लागून भराव्यात. कपडे थरांचे: अंगालगत थर्मल, त्यावर फ्लीस, सर्वांत वर वारा अडवणारं जॅकेट. एवढं नीट बसवून झालं की आई डबा घेऊन येते.

या डब्याचा स्वतंत्र अभ्यास व्हायला हवा. स्टीलचा, उभा, वर आजीचं नाव कोरलेलं. आत डिंकाचे लाडू. झाकण सैल म्हणून त्याला रबर, रबर तुटेल म्हणून वर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवी सुटेल म्हणून तिला अशी गाठ की जी बर्फात बोटं बधिर झालेली असताना फक्त दातांनी सुटते. वजन सव्वादोन किलो. इथे नवख्या मुली वाद घालतात. अनुभवी बाई मुकाट्याने सॅकमधली जीन्स काढते आणि तिथे डबा बसवते. जीन्स ओली झाली तर थंडीत दोन दोन दिवस वाळत नाही. लाडू दोन दिवस उरत नाहीत.

सुरक्षेची साधनं म्हणून शिट्टी, हेडलॅम्प, पॉवर बँक यांची नावं सगळेच घेतात. सर्वांत प्रभावी साधनाचं नाव कुणी घेत नाही. ते तुळशीबागेत मिळतं, वजनाला नगण्य आहे, त्याला चार्जिंग लागत नाही आणि त्यात काळे मणी असतात. खोटं मंगळसूत्र घालून प्रवास करणाऱ्या कितीतरी बिनलग्नाच्या मुली आहेत. लॉजच्या काउंटरवरचा माणूस ते पाहिलं की ‘सिंगल लेडीजला रूम देत नाही’ हे वाक्य गिळतो. नवरा मागच्या गाडीने येतोय असं सांगायचं. तो कधीच येत नाही, पण त्याबद्दल कुणालाच आश्चर्य वाटत नाही. दोष एकच, महाराष्ट्राबाहेर आपल्या दोन वाट्या दरवेळी ओळखल्या जातातच असं नाही. मला या उपायाची चीड येते. तो लागू पडतो, म्हणून जास्तच येते.

प्रवासाचा पहिला टप्पा एसटीचा असेल तर १७ मार्च २०२३ पासून बायकांना तिकीट अर्ध्या दरात आहे. प्रश्न अजून पूर्ण दरानेच आकारले जातात. रेल्वेत मेल-एक्स्प्रेसच्या स्लीपरमध्ये सहा बर्थचा महिला कोटा असतो, आरक्षण करताना तो आठवणीने निवडावा. एकटीला साइड अपर उत्तम, तिथे कुणी पायाशी येऊन बसत नाही. पण एकट्या बाईचा बर्थ ही भारतीय रेल्वेत सार्वजनिक मालमत्ता असते. गाडी सुटली की पाच जणांचं कुटुंब येतं: ‘ताई, तुम्ही एकट्याच आहात ना? मग एस-नाइनमध्ये जाता का? तिथला मिडल आहे आमचा.’ याला उत्तर तयार हवं. ‘नाही’ हे चालतं. मागे कारण जोडलं की वाटाघाटी सुरू होतात.

लाइव्ह लोकेशन घरच्यांना देण्याआधी एक करार करावा. किन्नौरच्या पुढे तासन्‌तास रेंज नसते आणि नकाशावरचा ठिपका दरीच्या काठाशीच अडकतो. तो पाहून पुण्यात काय काय घडतं याची कल्पना करावी. म्हणून रोजचा मार्ग कागदावर लिहून ठेवावा, कुठून कुठवर फोन लागणार नाही हे आधी सांगावं, आणि अमुक वाजेपर्यंत निरोप आला नाही तर कुणाला फोन करायचा तेही. ११२ हा आकडा आईच्याही पाठ असावा. रोख पैसे जवळ ठेवावेत. काझ्यात एटीएम आहे, त्यात पैसे असतीलच असं नाही.

तिथे पोचल्यावर एक चमत्कार होतो. होमस्टेची मालकीण ‘अकेली?’ असं विचारते, पण उत्तराची वाट न बघता पुढचा प्रश्न टाकते: ‘सर दर्द तो नहीं?’ सबंध प्रवासात कामाचा असा हा एकच प्रश्न.

राहता राहिलं स्वच्छतागृह. त्यासाठी ठाम उपाय माझ्याकडे नाही. पाणी कमी प्यावं असं बायका एकमेकींना सांगतात. उंचावर तो सल्ला घातक आहे, तिथे भरपूर पाणी प्यायचं असतं. टिश्यू, वापरलेलं परत आणायला झिपची पिशवी, आणि चालकाला मोठ्या आवाजात ‘गाडी थांबवा’ म्हणायची तयारी, एवढंच सुचतं. मुंबईत बायकांच्या मुताऱ्यांसाठी ‘राइट टू पी’ नावाची चळवळ उभी करावी लागली, तिथे कुंझुमच्या रस्त्याची काय कथा.

ज्यांना कुठेही जायचं नाही अशा वाचकांसाठीही एक काम आहे. पुढच्या वेळी एसटी स्टँडवर किंवा फलाटावर सॅकवाली एकटी बाई दिसली, तर तिला ‘एकट्याच?’ असं विचारू नका. ते तिला माहीत आहे. बायकांचं स्वच्छतागृह कुठल्या टोकाला आहे आणि त्याची किल्ली कुणाकडे असते, ठाऊक असेल तर तेवढं सांगा.